रोल दगडासारखे का होतात?

प्रश्न : मिसळीला रोज पाव आणणं महाग पडतं, म्हणून स्कॉटलंडचे मऊ ‘मॉर्निंग रोल’ घरी केले. घट्ट झाले. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा पीठ पुरतं फुगलं नाही. 500 ग्रॅम मैद्याला 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 320 मिली कोमट दूध-पाणी घ्या. हाताला चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत गेलात की रोल घट्टच होणार. 10 मिनिटं मळा, चिकटपणा आपोआप कमी होतो. नाशिकच्या थंडीत पीठ तासाभरात दुप्पट होत नाही. घड्याळ नको, पीठ बघा. 10 गोळे चपटे करून जवळजवळ ठेवा, पुन्हा फुगले की मैदा भुरभुरा. 220 अंशांवर 15 मिनिटं. दोनच रोलांसाठी ओव्हन तापवलात तर मात्र बचत विसरा!