यीस्ट साखर ‘शोषत’ नाही

प्रश्न असा आलाय: मुलाच्या वहीत ‘यीस्ट साखर शोषून घेते’ असं वाक्य आहे. ‘शोषणे’ बरोबर की ‘खाणे’?

‘खाणे’ निदान घरगुती आहे, चालवून घेऊ. ‘शोषणे’ मात्र पावाच्या प्रत्येक पाककृतीत कानावर आदळतं आणि डोकं उठतं. धातू ‘शुष्’, म्हणजे सुकणे. घशाला शोष पडतो, ऊन डबकं शोषतं. टिपकागदही शाई शोषतो, पण तो निवड करत नाही, समोर येईल ते ओढतो. यीस्ट भलतंच चोखंदळ. त्याच्या पेशीच्या पटलात प्रथिनांची दारं असतात. ग्लुकोज बाहेर जास्त आणि आत कमी असलं, की ते या दारांतून उताराने आत येतं, पेशीला पदरचं काही खर्चावं लागत नाही. माल्टोज ही दुसरी साखर आणायला मात्र भाडं पडतं, म्हणजे ऊर्जा खर्चावी लागते. डब्यातली साखर तर पेशीच्या भिंतीशीच विकराने (एन्झाइमने) फोडली जाते आणि तिचे तुकडे आत जातात. ग्लुकोजची वाट पुरती बुजवायला 1999 साली संशोधकांना ही दारं घडवणारी किमान 20 जनुकं काढावी लागली, इतकी दारं! दुधातल्या साखरेसाठी मात्र पावाच्या यीस्टकडे एकही दार नाही. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या, दोन्हींत यीस्ट टाका, एकीतच चिमूटभर साखर घाला. फेस कुठल्या वाटीत चढतो ते बघा.

तर, ‘आत घेते’. आता खऱ्या गमतीकडे.

या यीस्टचं शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसीस. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वानने 1837 मध्ये त्याला जर्मनमध्ये ‘साखरबुरशी’ म्हटलं, वनस्पतिशास्त्रज्ञ मायेनने 1838 मध्ये त्याचंच ग्रीक वळणाचं नाव केलं. त्यातलं ‘सॅकॅर’ ग्रीकांकडे गेलं आपल्याकडूनच: संस्कृत शर्करा, पाली सक्खरा. आणि शर्करा म्हणजे मुळात गोड काही नव्हे, तर वाळू, खडे, कच! सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय. माझं म्हणणं असं, की हे नाव जिभेने ठेवलेलंच नाही, दाढेने ठेवलंय. रस आटला, खडे पडले, दाढेखाली कचकचले, झाली शर्करा. पुढे हा अर्थ इतका पुसला गेला की ‘साखर’ला पुन्हा ‘खडी’ जोडून आपण खडीसाखर केली. म्हणजे खडे-खडे!

‘साखर’ फारसी ‘शकर’वरून आली असं ठासून सांगणारे विद्वान अजून भेटतात. त्यांनी एकदा कान धुवून यावं. फारसीत श आणि क, मराठीत स आणि ख. प्राकृत हत्थचं हात, कम्मचं काम, तसंच सक्खरचं साखर. जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला, ख जागच्या जागी राहिला. शकरही शर्करेचीच लेक, पण आपली साखर तिच्या दारावरून आलेली नाही. हा ख ग्रीकांनी ऐकला होता (त्यांचा शब्द ‘साक्खारोन’), आपल्या पंडितांना तेवढा ऐकू येत नाही.

हां, वही. बाईंनी ‘आत घेते’वर लाल रेघ मारलीच, तर त्यांना शुष् धातू दाखवा आणि दुधाच्या दोन वाट्याही.