लेहहून दुपारचं विमान का नसतं, आणि परतीचं तिकीट कसं काढावं

ताई, तुमचे प्रश्न मला कळले ते असे: लेहहून दिल्लीला दुपारी विमानच का दिसत नाही? आणि सकाळी सातचं महाग पडतंय, तर अकराचं स्वस्त घेऊन त्याच दिवशी तीनच्या वेगळ्या तिकिटावर दिल्लीहून पुणं गाठता येईल का? सोबत सासरे आहेत, वय ६८, बीपीची गोळी चालू. मी लेहला चार वेळा विमानाने गेलोय आणि एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

अकराचं घेऊ नका. त्या दिवसाचं पहिलं मिळेल ते घ्या आणि पुण्याचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.

लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. हवा मुळातच विरळ, त्यात ऊन चढलं की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो आणि भरलेलं विमान तेवढ्याच धावपट्टीवरून उठवणं अवघड होऊन बसतं. २०२४ च्या जुलैअखेरीस तर निव्वळ उन्हामुळे तिथली विमानं रद्द झाली होती. थंड वाळवंटातला हा उन्हाळा आपल्या डोक्यातच येत नाही. दुसरी भानगड वाऱ्याची. दुपारी सिंधूच्या खोऱ्यात वारा सुटतो. एरवी वारा फिरला की विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उतरवतात. इथे पूर्वेला डोंगर चढत गेलेत, त्यामुळे विमानं एकाच बाजूने उतरतात आणि त्याच बाजूने परत उडतात. पाठीवर वारा आला की संपलं. म्हणून लेहचा सगळा कारभार सकाळचा. दिल्लीत पहाटे धुकं पडलं किंवा पहिलं विमान तासभर रखडलं, की मागची सगळी रांग सरकते आणि शेवटच्याची वेळ उलटून जाते. तुमचं अकराचं त्या शेवटच्यांतलंच.

माझं हेच झालं. बोर्डिंग पास हातात, सामान आत गेलेलं, बाहेर लख्ख ऊन, आणि साडेअकराला घोषणा की वाऱ्यामुळे विमान दिल्लीहूनच निघालेलं नाही. सामान परत घ्यायला पुन्हा रांग. विमान कंपनीने दुसऱ्या दिवशीची जागा दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिल्ली-पुणे वेगळं तिकीट होतं, ते पैसे बुडाले. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असते तर पुढची सोय करणं कंपनीच्याच गळ्यात पडलं असतं. तेव्हा दिल्लीतला मुक्काम टाळायचाच असेल, तर निदान सगळं एका पीएनआरवर काढा.

आता सासऱ्यांचं. मला तिकिटापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते. दिल्ली जेमतेम सातशे फुटांवर, तिथून सव्वा-दीड तासात तुम्ही थेट साडेदहा हजारांवर उतरणार. बायकोने दिलेली चिवड्याची पाकिटं लेहला बॅग उघडली तर फुग्यासारखी टम्म फुगलेली होती. तीच विरळ हवा आपल्या छातीत जात असते. गंमत म्हणजे उतरल्यावर काहीच वाटत नाही. माणूस खुशीत बॅगा उचलतो, फोटो काढतो आणि इथेच फसतो. डोकेदुखी, मळमळ सुरू होते ती बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री. शिवाय शहर विमानतळापेक्षा आणखी वर आहे, साधारण साडेअकरा हजार फुटांवर.

म्हणून पहिले ४८ तास हॉटेलातच. खोली तळमजल्याची मागून घ्या. मी पहिल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर बॅग घेऊन चढलो आणि मधल्या वळणावर पायरीवरच बसकण मारली, तेव्हा वय ४१ होतं. शांती स्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशी. सहा दिवसांत खारदुंगला खिंड, नुब्रा खोरं आणि पँगाँग तळं बसवायचा हट्ट सोडा, पँगाँग गाळलंत तरी चालेल. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून देतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, बीपीच्या गोळीबरोबर ती चालते का, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा. माझ्यासारख्याच्या सल्ल्याने नको. आणि बसल्या जागी दम लागायला लागला तर सकाळची वाट न बघता सरळ एसएनएम हॉस्पिटल गाठा.

एसएनएम म्हणजे सोनम नोरबू मेमोरियल. हे सोनम नोरबू इंजिनिअर. १९४८ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत लेह वाचवायचं तर विमान उतरायलाच हवं होतं, तेव्हा त्यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून इथली पहिली धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डकोटा विमान उतरवलं, सोबत जनरल थिमय्या होते. विमानतळाला नाव मात्र कुशोक बकुला रिंपोचे यांचं, तेही योग्यच. लडाखचे मोठे लामा, खासदार आणि पुढे मंगोलियात भारताचे राजदूत. उतरताना स्पितुकचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, धावपट्टीच्या अगदी उशाशी दिसतो. तो डोळ्यांनीच बघा, तळ हवाई दलाचा आहे आणि तिथे फोटोला मनाई असते.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातल्या निदान एकाचं पोस्टपेड असू द्या, नाहीतर विमान रद्द झाल्याचा मेसेजही तुम्हाला पुण्यात पोचल्यावरच मिळायचा.

जाताना दिल्लीहून पहाटेचं विमान पकडणार असाल तर आदल्या रात्री विमानतळाजवळ झोपा. रात्रभर खुर्चीत जागून सासऱ्यांना सकाळी लेहला उतरवू नका. आणि सातच्या तिकिटाला अकराच्यापेक्षा नेमके किती जास्त पडतायत ते लिहा, मग दिल्लीच्या मुक्कामासकट हिशोब मांडून बघू.