डिमेन्शिया झालेल्या माणसाला वेळ खरंच कळत नाही, की नुसता विसर पडतो?

वडील निवृत्त होऊनही रोज संध्याकाळी "ड्युटीला उशीर होतोय" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. नाटक नाही ते. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, लवकर खराब होतो, नवं साठत नाही, जुनं बराच काळ शाबूत राहतं. मधली वर्षंच गळाली की जुनी ड्युटी आजची होते.

माझ्या सासूबाईंचं तेच. आम्ही अमळनेरला. दुपारी कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन हात धुतले, की थोड्या वेळात शेजारणीला सांगतात, सुनेनं कालपासून जेवायला दिलं नाही. खोटं बोलत नाहीत त्या. किती वेळ गेला हे आपण मधे काय घडलं त्यावरून ताडतो. त्यांच्याकडे मधलं काही उरतच नाही. पण पुण्याच्या माझ्या जेठांनी हे फोनवर ऐकलं आणि नवऱ्याला विचारलं, "आईला नीट जेवायला देता ना?" ताट अजून मोरीत होतं!

हेच जेठ व्हिडिओ कॉलवर विचारतात, "आई, आज वार कोणता? साल कोणतं?" डॉक्टरांच्या एमएमएसई नावाच्या स्मरणशक्तीच्या तपासणीत ३० पैकी ५ गुण वर्ष, ऋतू, महिना, तारीख, वार यांचे असतात. ती डॉक्टरांनी करायची. रोज विचारून साल पाठ होत नाही. फोन कुणाचा होता हे त्या विसरतात, रडवेपणा मात्र रात्रीपर्यंत राहतो.

संध्याकाळ सगळ्यात वाईट. शरीराचं घड्याळ चालवणारा मेंदूचा भागही या आजारात झिजतो. सासूबाईंच्या लेखी भर श्रावणात आखाजी येते, म्हणजे वैशाखातली अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जायचा सण. लुगडी गाठोड्यात बांधून त्या ओट्यावर, "मना भाऊ उना का?" (माझा भाऊ आला का?) तो भाऊ म्हणजे नवऱ्याचे मामा जाऊन कितीतरी वर्षं झाली. जेठ म्हणतात, खरं ते सांगा. दिवाळीला आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. सासूबाईंनी हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं. मी विचारते, मामांची दमणी कशी होती, बैल कोणते? त्या बोलत बसतात आणि दिवेलागण निघून जाते. जेठ याला आईला फसवणं म्हणतात. म्हणोत.

वडिलांना सांगा, आज साप्ताहिक सुट्टी आहे. अंधारायच्या आधी घरात दिवे लावा, दुपारी फार झोपू देऊ नका.

आणि हो, गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, लगेच दाखवा. बी-१२, थायरॉइड तपासलं नसेल तर तेही. डिमेन्शिया अल्झायमरचाच असतो असंही नाही, मग काय आधी बिघडतं याचा क्रम वेगळा. परगावचं कुणी भावंड फोनवरून शिकवत असेल, तर आधी आठवडाभर संध्याकाळी त्याला वडिलांपाशी बसवा.