ठासणीच्या .५० रायफलीला अचूक बार कसा शोधायचा?

तुमची रायफल .५० ची (नळीचा व्यास अर्धा इंच), गोल गोळी पॅचच्या चिंधीत गुंडाळून भरता, ५० यार्डांवर छिद्रं वीतभर पसरतात, आणि दारू ७० ग्रेन (दारू मोजायचं एकक) घालू की ९०, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत: दारूचा आकडा सर्वात शेवटी. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बिघडतो तो बहुतेक वेळा चिंधीपायी.

आधी नळीचा पीळ मोजा, म्हणजे आतल्या वळणदार खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, फिरत्या मुठीच्या गजाला (ठासायच्या सळईला) घट्ट चिंधी लावून तो तळापर्यंत घाला आणि गजावर खूण करा. बाहेर ओढताना अर्धा फेरा किती इंचांत होतो ते बघून दुप्पट करा. ६० ते ७० इंचांना एक फेरा असेल तर नळी गोल गोळीसाठीच आहे. ४८ इंचांची नळी मधली, तिच्यात गोल गोळी बहुधा कमी दारूवर चांगली चालते. २८ किंवा ३२ निघाले तर ती लांबट गोळीची नळी. तिच्यात गोल गोळीच्या मागे लागून वेळ जाईल.

मग मऊ, शुद्ध शिशाची ०.४९० इंची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची घट्ट विणीची सुती चिंधी घ्या. कापड धुऊन खळ काढून टाका. सिंथेटिक धागा नको, तो वितळतो. दारू एफएफजी (मध्यम दाण्याची काळी दारू), ५० ग्रेन. दारू मापाने घ्या आणि मापातूनच नळीत ओता. थेट डबीतून कधीच नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातातली डबी पेटते. काळी दारू किंवा कारखान्याने मान्य केलेला तिचा पर्यायच वापरायचा. धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते. ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूचा एक पर्याय) वापरत असाल तर काळ्या दारूच्या मापापेक्षा १५ टक्के कमी घ्या.

पहिला बार भरण्याआधी नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून नुसती केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) उडवा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर आत तेल किंवा काजळी आहे, आणि पहिलाच बार अडेल.

पाच बार मारा आणि पुढे पडलेल्या चिंध्या वेचून आणा. चांगल्या चिंधीच्या कडा दशा निघाल्यासारख्या, मध्ये काळा डाग, पण कापड शाबूत असतं. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा तिला लावलेलं वंगण कमी पडतंय. खाचांच्या जागी धुराचे पट्टे दिसले तर गॅस बाजूने निसटतोय: जाड चिंधी लावा, नाहीतर चिंधी तीच ठेवून ०.४९५ ची गोळी घालून बघा. सरळ चिरा असतील तर आट्यांच्या (खाचांमधल्या उंचवट्यांच्या) किंवा तोंडाच्या धारदार कडा कापड कापताहेत. याची खातरजमा सोपी आहे: दारू न घालता चिंधी-गोळी थोडी आत ढकला आणि गोळी ओढायच्या स्क्रूने बाहेर काढा. तेव्हाच चिरली असेल तर दोष तोंडाचा. ३२० नंबरचा पॉलिशपेपर अंगठ्याने तोंडावर दाबून गोल फिरवा, कडा बोथट होते. नव्या नळीत हे फार दिसतं.

चिंधी शाबूत निघायला लागली की मग दारू ५-५ ग्रेनने वाढवा, कारखान्याने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. दर मापाला पाच बार, टेकूवरून, टेकू नळीखाली एकाच जागी. ग्रुप लहान होत जातो आणि एका टप्प्यानंतर पुन्हा फाकतो. लागोपाठची दोन-तीन मापं चांगली निघाली तर मधलं निवडा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू आणि वंगण एकदम बदललं तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

दर बारानंतर एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी. ओली नव्हे, ओलसर: पाणी तळाशी ढकललं गेलं की पुढची केप नुसतीच फुटते. बार उडालाच नाही तर रायफल लक्ष्याकडे धरून निदान मिनिटभर थांबा. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून भरलेल्या बाराची खूण गजावर करून ठेवा आणि माप बदललं की खूणही बदला. ठासण्याचा जोर दर वेळी सारखा हवा. छिद्रं उभ्या रांगेत पडायला लागली तर आधी हा जोर आणि पुसण्यातला फरक तपासा, दारू नंतर.

हे सगळं जमेपर्यंत माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला) कानस लावू नका. माशी घासली की गोळी वर लागते आणि घासलेलं परत येत नाही, म्हणून बार ठरल्यावरच थोडं थोडं घासा आणि दर वेळी तीन बार मारून बघा.