बाळाला काय पाजायचं हे आई ठरवते, मग स्तनपानासाठी सरकारी धोरण कशाला?

तुम्ही विचारलंय की हा घरचा प्रश्न असताना कायदे आणि मोहिमा कशाला. मी बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका आहे. माझ्या मते यातलं फार थोडं आईच्या हातात असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तासाभरात आईने अंगावर पाजलेली बाळं जेमतेम ४२ टक्के. आईने नको म्हटलं म्हणून हे झालेलं नाही. सिझर झालं की टाके घालेपर्यंत आई टेबलावर आणि बाळ गुंडाळून नातेवाइकांकडे, तिथे कुणीतरी मधाचं बोट चाटवतं. हा तास आम्हीच सांभाळायला हवा.

दुसऱ्या दिवशी ठरलेली तक्रार येते, "सिस्टर, दूधच येत नाही, वरचं सुरू करू का?" चिकाचं दूध थोडंथोडंच येतं आणि बाळाला तेवढं पुरतं, हे सांगून भागत नाही. शेजारी बसावं लागतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायचं, तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. मग गिळल्याचा आवाज येतो आणि आजीचीही खात्री पटते. पण वॉर्ड भरलेला आणि सिस्टर एकटी असेल, तर बसणार कोण? अशा वेळी पावडरचा डबा येतो.

म्हणून १९९२ चा कायदा मला फार मोलाचा वाटतो. पावडर आणि बाटल्यांची जाहिरात, फुकटचे नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र, सगळ्याला त्याने मनाई केली. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. ज्या बाळाला आईचं दूध मिळूच शकत नाही, त्याच्यासाठी दुग्धपेढ्या, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवून ठेवणारी केंद्रं, हव्यात. आपल्या मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे.

रजेचं मात्र अर्धंच काम झालंय. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, म्हणजे निव्वळ अंगावर पाजायचे सहा महिने बरोबर बसतात. पण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला रजा देणार कोण? मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्यात सहा महिन्यांची मजुरी निघत नाही. ती बाळाला घरी ठेवून कामावर जाते आणि बाटली सुरू होते. फलक पुष्कळ झाले. आता पैसा या बाईच्या मजुरीवर आणि वॉर्डातल्या जास्तीच्या सिस्टरवर खर्च व्हावा.