सोडलेला ट्राउट जगावा म्हणून : वाचकांचे प्रश्न

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला गळ टाकायला बंदी असते. मार्चमध्ये ती उठली की तीर्थन, सैंज, बास्पा या नद्यांवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या खोट्या माशीनं (फ्लाय) मासे धरायला, जाणाऱ्यांत आता मराठी मंडळीही दिसतात. पकडून सोडण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेत आहोत.

प्रश्न : एप्रिलमध्ये तीर्थनवर पकडलेले सगळे ब्राउन ट्राउट सोडून दिले आणि सगळे नीट पोहत गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात एक मेलेला दिसला. फोटोसाठी प्रत्येकाला फार तर अर्धा मिनिट बाहेर ठेवलं होतं. तेवढ्यानं मासा मरतो का? (पुणे)

तो मेलेला मासा तुमचाच होता की नाही, हे सांगता येणार नाही. पण अर्धा मिनिट हा दमलेल्या ट्राउटसाठी फार मोठा वेळ आहे आणि पोहत गेलेला मासा वाचलाच असंही नाही.

गळाला लागलेला मासा सगळी ताकद लावून धावतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, रक्तातला प्राणवायू उतरतो. नेमक्या याच वेळी आपण त्याला वर उचलतो. पाण्यात कल्ल्यांच्या बारीक पाकळ्या सुट्या तरंगत असतात, हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. शंभर मीटर जीव तोडून धावलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरावं, तसंच हे. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना पार दमवलं होतं. पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. हे प्रयोगशाळेतले, अतिशय थकवलेले मासे होते. नदीत प्रमाण इतकं वाईट नसतं, पण कल तोच.

म्हणून फोटोची तयारी मासा हातात घेण्याआधी व्हायला हवी. मासा हातजाळीत, जाळी पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. गळ पाण्यातच काढा. कॅमेरावाल्याला उभं राहायची जागा, उजेड, चौकट सगळं ठरवू द्या. तो ‘हं’ म्हणाला की एक हात शेपटीच्या निमुळत्या देठाभोवती, दुसरा छातीच्या परांखाली नुसता आधाराला. दाबायचं नाही, कारण हृदय तिथेच, कल्ल्यांच्या लगेच मागे असतं. उचला, दोन क्लिक, परत पाण्यात. अंगावरून पाणी ठिबकतंय तोवरच फोटो. ठिबकणं थांबलं की वेळ संपली. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर फोटो सोडून द्यावा, पुन्हा उचलू नये.

आणि मुळात मासा इतका दमू देऊ नका. बारीक टिपेट (दोराचा फ्लायकडचा शेवटचा तुकडा) लावून दहा मिनिटं खेळवण्यात कौशल्य नाही. प्रवाह जोराचा असेल तर ६एक्सऐवजी ५एक्स किंवा ४एक्स लावा (आकडा लहान, तितका टिपेट जाड). रॉड आभाळाकडे ताठ धरला की फक्त टोक वाकतं, जोर लागत नाही. तो आडवा, पाण्याजवळ आणून कुशीकडून ओढा आणि माशाच्या दिशेनं चार पावलं खाली चाला. प्रवाहाविरुद्ध ओढत आणण्यापेक्षा त्याच्या बाजूला पोहोचणं केव्हाही बरं.

प्रश्न : गळ सहज निघावा म्हणून त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबायला गेलो की टोकच तुटतं. काय चुकतंय? (नाशिक)

बहुधा पकड आडवी धरता. उलटा काटा म्हणजे तारेला दिलेला छेद. तिथे तार आधीच कमकुवत असते, आडवा दाब दिला की तिथेच तुटते. चपट्या, दाते नसलेल्या पकडीचे जबडे टोकाच्या बाजूनं, गळाच्या रेषेतच आणा आणि काटा हळूहळू, दोन-तीन वेळा दाबून बसवा. एका झटक्यात नको. फ्लाय घरी बांधत असाल तर पिसं-दोरा गुंडाळण्याआधी दाबा, म्हणजे तुटला तर नुसता गळ जातो, अर्ध्या तासाची मेहनत नाही. तपासायला टोक सुती रुमालात घालून मागे ओढा. धागा अडकला तर अजून फुगवटा शिल्लक आहे.

काटा दाबलेल्या गळावरून मासा सुटतो ही भीती निम्मी खरी आहे. दोर ढिला पडला तरच तो सुटतो. ताण सतत ठेवला तर फारसा फरक पडत नाही. शिवाय काढायला दोन सेकंद लागतात. आर्टरी फोर्सेप्सनं (डॉक्टरांच्या बारीक टोकाच्या चिमट्यानं) गळाचा वाक धरायचा आणि तो ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं उलटा सरकवायचा. स्वतःच्या कानात किंवा बोटात घुसलेला गळही तसाच निघतो.

प्रश्न : मासा बुळबुळीत असल्यानं निसटतो. हातमोजे किंवा टॉवेल वापरावा का? (ठाणे)

अजिबात नाही. ती बुळबुळ हेच त्याचं चिलखत आहे. कोरडा हात, लोकरी मोजा, टॉवेल, वाळू, उन्हानं तापलेला दगड यांनी ती निघते आणि उघड्या पडलेल्या कातडीवर पुढच्या काही दिवसांत कापसासारखी पांढरी बुरशी धरते. अशा डागावर कधीकधी बोटांचे ठसे ओळखू येतात! आधी दोन्ही हात कोपरापर्यंत नदीत बुडवून गार करा. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. मासा फार वळवळत असेल तर पाण्यातच उताणा करा, बहुतेक वेळा तो काही क्षण शांत होतो. हातजाळी रबराची, बिनगाठीची घ्या. गाठीच्या नायलॉन जाळीत पर फाटतात, बुळबुळ खरवडली जाते. कल्ल्यांत बोट घालून कधीही धरू नये.

प्रश्न : दमलेल्या माशाला पाण्यात मागे-पुढे हलवून शुद्धीवर आणतात, ते बरोबर आहे का? (कोल्हापूर)

पुढे बरोबर, मागे नाही. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर जायला हवं. मागे ओढलं की ते उलटं शिरतं. तोंड प्रवाहाकडे करून नुसतं धरून ठेवा. जागा मात्र निवडा : पांढऱ्या फेसाच्या धारेत नको, साचलेल्या काठाच्या पाण्यातही नको, चालण्याच्या वेगानं पाणी वाहतं तिथे. मासा सरळ राहू लागला, कल्ले संथ लयीत हलू लागले आणि त्यानं शेपटीनं स्वतः जोर लावला की हात उघडा. ढकलून देऊ नका. उलटला तर पुन्हा धरा, वेळ लागला तरी चालेल.

प्रश्न : थर्मामीटर खरंच लागतो का? (सांगली)

हो. पाणी १८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मासा पटकन आणायचा, २० ला रॉड गुंडाळायचा. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१. तीर्थन खोऱ्यात १५०० मीटर उंचीवर तो आणखी सुमारे सहाव्या हिश्शानं कमी, आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढलेली. बर्फाच्या पाण्याच्या नद्यांत ही वेळ क्वचित येते, पण उशिराच्या उन्हाळ्यात दुपारी उथळ ओढ्यात मोजून पाहावं.

प्रश्न : गळ घशात गेला असेल तर? (गोवा)

दोर गळाजवळ कापा आणि सोडा. खेचून काढताना कल्ले फाटले तर रक्तस्राव थांबत नाही. टोकदार धातूचा बारीक गळ आत राहूनही पुष्कळ मासे जगतात.

प्रश्न : ट्राउट हा इंग्रजांनी आणलेला परदेशी मासा. तो सोडण्याचा एवढा आग्रह कशाला? (नागपूर)

प्रश्न योग्य आहे. ब्राउन ट्राउट १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मिरात आणि १९०९ मध्ये कुलूत आला. रेनबो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. मोठा ब्राउन ट्राउट इथल्या माशांची पिल्लं खातो. त्यामुळे तो सोडल्यानं नदीचं मूळ जीवन वाचतं, असा दावा आम्ही करणार नाही. पण सोडायचाच ठरवला तर तो जगेल असाच सोडावा. अर्धमेला करून सोडणं कोणाच्याच हिताचं नाही. परवान्यात बसत असेल आणि खायचा असेल तर लगेच मारा : डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर आखूड जड दांडक्याचे दोन नेमके फटके. पिशवीत तडफडत ठेवू नका. नुसतं खायचंच असेल तर खोऱ्यातल्या शेततळ्यांतला रेनबो विकत मिळतो.

खरी काळजी घ्यायची ती इथल्या मूळच्या स्नो ट्राउटची. नावात ट्राउट असला तरी तो कार्पच्या कुळातला. तो चुकून लागला तर जाळीतून उचलूही नका, पाण्यातच सोडवा. ओळख सोपी आहे : तोंड खालच्या बाजूला, खवले अगदी बारीक, आणि पाठीवर शेपटीजवळ ट्राउटला असतो तो छोटा मांसल पर त्याला नसतो.