कोडिंग येत नाही, घरातले दिवे-पंखे आपोआप चालवायला कोणतं टूल सोपं?

नोड-रेड. २०१३ मध्ये आयबीएममध्ये सुरू झालेलं हे टूल फुकट आहे, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही चालतं. ब्राउझरमध्ये चौकोन (नोड) मांडायचे, तारांनी जोडायचे. जिन्यातला दिवा घ्या: डावीकडे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरसाठी 'एमक्यूटीटी इन' (एमक्यूटीटी म्हणजे उपकरणांनी एकमेकांना मेसेज पाठवायची पद्धत; ते मेसेज पोचवणारा मॉस्किटोसारखा प्रोग्रॅम, म्हणजे ब्रोकर, मात्र लागेल), मध्ये 'ट्रिगर', उजवीकडे दिव्यासाठी 'एमक्यूटीटी आउट'. ट्रिगरला सांगायचं, आधी 'ऑन' पाठव, दोन मिनिटांनी 'ऑफ'. त्यात नवा मेसेज आल्यावर वेळ वाढवायचा पर्याय असतो. तिथे टिक करायला विसरलात तर अर्ध्या जिन्यात अंधार! माझं झालंय. अडलं की 'डीबग' नोड जोडा, नेमकं काय येतंय ते बाजूच्या पट्टीत दिसतं. होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर आधीच वापरत असाल तर त्यातलाच ऑटोमेशन एडिटर पुरे.